आवाज ऐकवण्याआधी पुन्हा विचारा

शिकले चित्रकला, पण गेली सहा वर्षं माझं काम चालतं ते वाकळेवर. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे तुकडे धावदोऱ्यानं जोडत बायका बसल्या की बोलणं आपोआप सुरू होतं. सासर, बाळंतपण, उडालेली झोप, जातीमुळे वेगळा ठेवलेला पेला, सगळं निघतं. परवानगी घेऊन मी ते ध्वनिमुद्रित करते. प्रदर्शनात ज्या बाईचा तुकडा, त्यापाशी तिचा आवाज हेडफोनवर ऐकू येतो.

नव्यानं या वाटेला येणाऱ्यांनो, अनेक माध्यमं हाताळायची म्हणून हाताळू नका. मला आवाज घ्यावा लागला, कारण रंगात ते बोलणं उतरत नव्हतं. नवजोत अल्ताफ यांचं छत्तीसगडच्या बस्तरमधलं काम नक्की अभ्यासा. मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेल्या या कलावतीनं कोंडागावच्या आदिवासी कलाकारांबरोबर हातपंपांभोवती 'नळपार', म्हणजे पाणी भरायच्या बांधीव जागा, उभारले. भरलेला हंडा डोक्यावर घेण्याआधी मध्येच टेकवता यावा, हा विचार त्या रचनेतच आहे. समाजबदल म्हणजे काय, हे मला तिथं उमगलं.

माझी मोठी चूक पहिल्याच प्रदर्शनात झाली. एका ताईंची संमतीपत्रावर सही होती, नावही बदललं होतं. पण बोलण्याची ढब कशी बदलणार? भावकीतल्या एकानं आवाज ओळखला आणि घरी जाऊन सांगितलं. चार महिने ताई आमच्यात आल्या नाहीत. त्यांच्या दारात उभं राहून माफी मागताना मला शब्द सुचत नव्हते.

तेव्हापासून मी दोनदा विचारते. एकदा बोलणं झाल्यावर, आणि पुन्हा प्रदर्शनाआधी, त्यांचा आवाज त्यांनाच ऐकवून. नको म्हणाल्या तर तिथंच, त्यांच्यासमोर पुसून टाकते. कितीही सुंदर असला तरी.

निधीसाठी अर्ज कराल तेव्हा शिवणाऱ्यांची मजुरी आणि समुपदेशकाचं मानधन आधी लिहा, छपाई-मांडणी नंतर. शिवताना मन हलकं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण तो उपचार नव्हे. कुणी मरणाची भाषा काढली तर रेकॉर्डर बंद करा, जवळ बसा, डॉक्टरांकडे सोबत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आमच्या शिवणाच्या पेटीच्या झाकणावर तो लिहिलेला आहे. ऐकून ऐकून माझीही झोप गेली होती. आता आठवड्यात दोनच ध्वनिमुद्रणं करते.

त्या ताई परत आल्या. त्यांच्या तुकड्यापाशी हेडफोन अजून आहे, त्यांनीच ठेवायला सांगितला. कानाला लावला की जाड कापडातून सुई जाते तेवढा आवाज येतो.