घरात कुणी एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) घेत असेल तर एवढी तयारी आजच करा

माझ्या मावसभावाच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही अर्धा तास त्याला लिंबूपाणी आणि ॲसिडिटीची गोळी देत बसलो होतो, पंचविशीतल्या पोराला हार्टचं काही होईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तो वाचला, पण तो अर्धा तास माझ्या मनातून जात नाही म्हणून लिहितेय.

एमडी, कोकेन, क्रिस्टल (मेथ), यातल्या कशानेही ठोके आणि बीपी एकदम वाढतात, हृदयाच्या नसा आकसू शकतात, त्यामुळे वय बघायचंच नाही. छातीत दुखतंय, दम लागलाय, चक्कर येतेय, अंग तापलंय, यातलं काहीही दिसलं की सरळ १०८, नाही लागला तर ११२. पत्ता आत्ताच कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, जवळची खूण, विंग, मजला सगळं, कारण त्या वेळी स्वतःच्या बिल्डिंगचं नावसुद्धा आठवत नाही खरंच. गेट उघडायला खाली कोण पळणार तेही ठरवून ठेवा.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकून घ्या, व्हिडिओ बघून नाही, ट्रेनिंगला जाऊन. माणूस हाकेला उत्तर देत नाही आणि श्वास नाही, किंवा मधेच एखादा घरघरता आचका येतोय (तो श्वास नव्हे!), तर कडक जमिनीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक, कोपर ताठ, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून घरातल्या दोघांनी तरी शिका. फोन स्पीकरवर ठेवा.

अंग भाजत असेल तर कपडे सैल करा, ओल्या फडक्याने पुसा, पंखा लावा. फिट आली तर दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका, थांबली की कुशीवर वळवा. आजोबांची बीपीची गोळी किंवा सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी) आपल्या मनाने अजिबात द्यायची नाही.

आणि डॉक्टरांना खरं सांगा, काय घेतलं, किती वाजता, सोबत दारू होती का, पुडी उरली असेल तर तीही दाखवा. कोकेनवर काही बीपीची औषधं उलटी पडू शकतात, त्यांना माहीत नसेल तर ते बिचारे काय करणार. भाऊ मावशीसमोर तोंडच उघडत नव्हता, ती बाहेर गेली तेव्हा कुठे बोलला. तेव्हा घरच्यांनी पाच मिनिटं बाहेर थांबा.