पाचटाचा ढीग तापला की पाइप लावताय? या चुका टाळा

वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात ऊस गेला की पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवायचं सोडून बरीच लोकं आता कुजवायला लागलीत, लय चांगलं काम आहे, पण ढिगात हात घालून चटका बसला की घाबरून पाण्याचा पाइप सोडतात आणि तिथंच घोळ होतो. अहो, ढीग तापायलाच पाहिजे!

सुरुवातीचे साधे जिवाणू 45 अंश सेल्सिअसच्या आसपास मागं पडतात, मग थर्मोबिफिडा फुस्कासारखे 50-55 अंशाला जोमानं वाढणारे बॅक्टेरिया पुढं येतात. पाचटातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या, त्या तोडायला हे बॅक्टेरिया एन्झाइम सोडतात, पण एकट्या एन्झाइमचं ते काम नव्हे. एक एन्झाइम साखळी मधूनच तोडतं, दुसरं टोकाकडनं दोन-दोन ग्लुकोजची जोडी सोडवत जातं, तिसरं ती जोडी फोडतं, आणि हे तिसरं कमी पडलं की जोड्या साठून पहिल्या दोघांचंही काम मंदावतं. या बॅक्टेरियांना हवा लागते, ढीग पाण्यानं चिंब केला की हवा बंद, मग नुसता घाण वास. मूठभर पाचट दाबलं तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये, एवढंच बघा. पहार खुपसून 10 मिनिटांनी काढा, धरवत नसेल तर काम जोरात चाललंय. 70 अंशाच्या वर मात्र त्यातले बरेचसे मरतात, तेव्हा पलटी मारा.

ढीग तापतच नसेल तर बहुतेक नत्र कमी पडलंय. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, हे प्रमाण आपल्याकडं सगळ्यांना माहितेय, तरी युरियालाच हात आखडतात. संवर्धन शेणाच्या पाण्यातनं वेगळं शिंपडा, युरियात कालवू नका. अख्खं पाचट टाकण्यापेक्षा कुट्टी करा, आणि ढीग कमरेएवढा तरी पाहिजे, बुटक्या ढिगात धग टिकत नाही.

उकरल्यावर आत राख भुरभुरल्यासारखा पांढुरका थर दिसला की काहीजण बुरशीनाशक मारतात, कृपा करून असं करू नका. ते बहुतेक ॲक्टिनोमायसिट्स नावाचे जिवाणू असतात, आपल्याच कामाचे, ओल्या मातीसारखा वास येतो त्यांना. फक्त त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. साठवलेल्या उसाच्या चोथ्यात वाढणाऱ्या अशाच उष्णताप्रेमी जिवाणूंच्या धुळीनं बगॅसोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होतो, त्यामुळं कोरडा ढीग उलथताना आधी हलकं पाणी शिंपडा आणि चांगला मास्क लावा, मजुरांनापण द्या.