ग्रीक नगरांची चांदीची नाणी पाहताना या चुका टाळा

प्राचीन ग्रीक नाणी पाहताना सर्वांत आधी टाळायची चूक म्हणजे आपले शुभाशुभाचे संकेत त्यांच्यावर लादणे. अथेन्सच्या नाण्यावरील घुबड दिसताच आपल्याकडे अनेकांच्या मनात पाल चुकचुकते. वास्तविक ते नगरदेवता अथीनेचा पक्षी असून अथेन्सचे लोक या नाण्यांना प्रेमाने ‘घुबडे’च म्हणत.

इ. स. पू. पाचव्या शतकातील हे चार ड्राक्म्यांचे (ड्राक्मा हे ग्रीक चलनाचे एकक) नाणे सुमारे १७.२ ग्रॅम वजनाचे असते. घुबडाच्या मागे ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, तर समोर ‘अथेन्सवासीयांचे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाची पहिली तीन अक्षरे दिसतात. दर्शनी बाजूस अथीनेचा चेहरा एका बाजूने दाखवलेला असूनही तिचा डोळा समोरून पाहिल्यासारखा कोरलेला असतो. तो पाहून कारागीर कच्चा होता असे ठरवू नये. परमुलखातील व्यापाऱ्यांच्या ओळखीचा छाप बदलून नाण्याची पत जाऊ नये म्हणून अथेन्सने ही जुनी धाटणी जपली, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते.

छिन्नीचा खोल घाव दिसला म्हणून नाणे बनावट मानणे, ही त्याहून घातक चूक आहे. आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी इजिप्त आणि पूर्व भूमध्य किनाऱ्यावर खरी नाणीही अशी कापून पाहत. उलट खुद्द अथेन्समध्ये इ. स. पू. ३७५च्या सुमारास झालेल्या कायद्यानुसार सरकारी पारखी खोटी नाणी जागीच कापत असे. म्हणून घाव मोजू नका, त्याच्या आत भिंगाने पाहा: चांदी तळापर्यंत आहे, की पातळ पत्र्याखाली तांबूस गाभा आहे?

ऱ्होड्स या ग्रीक नगराच्या नाण्यांवरील गुलाब केवळ शोभेचे समजू नका. ‘ऱ्होडोन’ म्हणजे गुलाब, अर्थात ती नगराच्या नावावरची कोटी आहे. तसेच अलेक्झांडरच्या नाण्यांवरील सिंहाचे कातडे पांघरलेले मस्तक त्याचे स्वतःचे नसून ग्रीक पुराणांतील वीर हेराक्लीसचे आहे.

शेवटची चूक वजनाची. ड्राक्मा सर्वत्र सारखा नव्हता: अथेन्समध्ये सुमारे ४.३ ग्रॅम, एजिनात सुमारे ६, तर कॉरिंथमध्ये जेमतेम २.९. आपल्या शिलालेखांतील ‘द्रम्म’ आणि बोलण्यातला ‘दाम’ याच शब्दातून आले असले, तरी नगराचे नाव कळल्याशिवाय नुसत्या ‘एक ड्राक्मा’ या नोंदीवरून चांदीचा हिशेब लागत नाही.