ओळखीचा आवाज पुरेसा नाही: लहान पेढीने आपली खाती आणि लॉगिन कसे राखावे

नागपूरच्या इतवारीतील धान्याच्या एका पेढीचे संगणकाचे काम मी पाहतो. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी तेथील मुनीमजींना फोन आला. आवाज मालकांचा होता, मागे गाड्यांचा गलबला होता, आणि एका नव्या खात्यावर साडेचार लाख रुपये ताबडतोब पाठवा, असे सांगणे होते. मुनीमजी थबकले ते एका वाक्यामुळे. एरवी "मुनीमजी, तेवढं करून टाका नं" असे म्हणणारे मालक त्या दिवशी "कृपया रक्कम त्वरित वर्ग करा" असे म्हणाले. मुनीमजींनी फोन ठेवला आणि मालकांचा नंबर स्वतः लावला, तेव्हा मालक कामठीला लग्नाच्या पंगतीत जेवत होते.

पैसे वाचले ते मुनीमजींच्या कानांमुळे, परंतु पुढचा नकली आवाज वऱ्हाडीही बोलेल. काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून माणसाचा आवाज उभा करणारी साधने आज सहज मिळतात, आणि एके काळी मोडक्या मराठीमुळे ओळखू येणारे फसवे संदेश आता बँकेच्या पत्रासारखे नेटके येतात. चेहऱ्याचीही तीच गत आहे. हाँगकाँगमध्ये २०२४ च्या सुरुवातीला एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना आणि सहकाऱ्यांना प्रत्यक्ष पाहिले असे समजून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. पडद्यावरची ती माणसे कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली होती. म्हणून पेढीची व्यवस्थाच अशी लावावी, की कोणी आवाज, चेहरा किंवा पासवर्ड हुबेहूब नकलला तरी तेवढ्यावर दार उघडणार नाही.

सुरुवात वहीपासून करावी. पेढीची कोणती खाती आहेत, म्हणजे ई-मेल, बँक, जीएसटी पोर्टल, हिशेबाचे सॉफ्टवेअर, आणि त्यातले कोणते कोण उघडू शकतो, हे एका पानावर लिहून काढावे. बहुतेक ठिकाणी या पानावर लाज वाटण्यासारख्या गोष्टी निघतात: चार जणांत एकच पासवर्ड, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाचे अजून चालू असलेले लॉगिन, आणि मॉनिटरच्या खाली चिकटवलेली चिठ्ठी. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावे, कामापुरतीच परवानगी द्यावी, आणि माणूस काम सोडेल त्याच दिवशी ती बंद करावी.

त्यानंतर सर्वांत आधी ई-मेल राखावे, कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचा दुवा तेथेच येतो. त्यासाठी आज उपलब्ध असलेला चांगला उपाय म्हणजे पासकी, म्हणजेच पासवर्डशिवाय लॉगिन करण्याची पद्धत. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२२ मध्ये या पद्धतीला एकत्र पाठिंबा जाहीर केला. पासकीत किल्ल्यांची एक जोडी तयार होते. उघड किल्ली संकेतस्थळाकडे जाते आणि गुप्त किल्ली तुमच्या बाजूलाच, फोनमध्ये किंवा तुमच्या खात्यात कुलूपबंद राहते. बोट किंवा स्क्रीनचा पिन वापरून आपण ती वापरण्याची संमती देतो, ठसा संकेतस्थळाकडे जात नाही. खरी गंमत पुढे आहे: ही किल्ली ज्या संकेतस्थळासाठी बनली, त्याच पत्त्यावर चालते. अक्षर बदलून केलेले बनावट पान माणसाच्या डोळ्याला फसवील, किल्लीला नाही. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात पासकीचा पर्याय आहे; ती मालकांच्या फोनवर आणि शक्यतो आणखी एका उपकरणावर करून ठेवावी, नाहीतर फोन हरवला त्या दिवशी आपणच बाहेर उभे राहू.

जेथे पासकी नाही तेथे दर ३० सेकंदांनी नवा सहा अंकी आकडा दाखवणारे ऑथेंटिकेटर ॲप वापरावे. आपल्या नंबरचे सिमकार्ड चोराने फसवणुकीने काढून घेतले तर एसएमएसवरचा ओटीपी चोराकडे जातो, ॲपमधला आकडा जात नाही. मात्र गोड बोलून तो आकडा काढून घेता येतो, त्यामुळे त्याला पासकीच्या बरोबरीचे मानू नये. आपण लॉगिन करत नसताना "हे तुम्हीच आहात का?" अशी सूचना फोनवर वारंवार आली, तर कंटाळून "हो" दाबणे ही सर्वांत महागडी चूक ठरते, तेव्हा नकार द्यावा आणि लगेच पासवर्ड बदलावा, कारण तो बहुधा कोणाच्या तरी हाती लागलेला असतो.

पैशांच्या बाबतीत यंत्रापेक्षा शिस्त अधिक कामाची आहे. बँकेच्या व्यावसायिक खात्यात एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा अशी सोय बहुधा मिळते. ती मागून घ्यावी. नव्या खात्यावर रक्कम पाठवण्याआधी वहीत आधीपासून लिहिलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करावा. आलेल्या फोनवर दिसणारा नंबर पुरावा मानू नये, कारण तो खोटा दाखवता येतो. घरच्यांशी आणि भागीदारांशी एक खुणेचा शब्द ठरवावा, आणि तो व्हॉट्सॲपवर कधीही लिहू नये.

आधारबाबत नागपूरकरांचा हात सैल आहे, असे माझे मत झाले आहे. लॉज असो की भाड्याची खोली, पूर्ण आधारची झेरॉक्स सहज दिली जाते. त्याऐवजी शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार डाउनलोड करून द्यावे. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावर किंवा त्याच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करता येते; ते चालू असताना तुमच्या ठशावर कोणी आधार प्रमाणीकरण करू शकत नाही. रेशन दुकानात अंगठा लावायचा असेल तेव्हा मात्र ते तात्पुरते उघडावे लागते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. आपल्या आधारचा वापर कधी झाला, हेही त्याच ठिकाणी पाहता येते. कृत्रिम बुद्धिमत्ता येथे आपल्या बाजूनेही काम करते: प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणलेली तपासणी ठशातील बारकावे आणि बोटाची प्रतिमा एकत्र पाहून बोट जिवंत आहे की सिलिकॉनचे, हे ठरवते. बँका आणि ई-मेल सेवाही उपकरण, ठिकाण आणि वेळ यांवरून अनोळखी लॉगिन हेरतात.

चेहरा ओळखणारे हजेरीचे यंत्र ज्यांनी बसवले आहे, त्यांनी मे महिन्यात त्याच्याजवळ दहा मिनिटे उभे राहून पाहावे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून दुपट्टा बांधून, गॉगल लावून आलेला माणूस यंत्राला पटत नाही. मग तो दुपट्टा सोडण्याऐवजी सर्वांना ठाऊक असलेला १२३४ हा पिन दाबून आत जातो. यंत्र कितीही हुशार असले, तरी त्याचे मागचे दार त्या पिनाइतकेच भक्कम असते. पिन प्रत्येकाचा वेगळा असावा, आणि तो कोणी किती वेळा वापरला याची नोंद आठवड्यातून एकदा पाहावी.

इतके करूनही पैसे गेले, तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर करावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. मग ई-मेल सर्व उपकरणांवरून लॉगआउट करून पासवर्ड बदलावा आणि सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग व फिल्टर तपासावेत. चोर पुष्कळदा तेथे एक छोटा नियम ठेवून जातो, ज्यामुळे बँकेची पत्रे गुपचूप त्याच्याकडे जात राहतात, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो.