केअर प्लॅनमध्ये ‘मानसिक आधार दिला’ लिहू नका

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या केअर प्लॅनमधलं, म्हणजे पेशंटच्या काळजीच्या नोंदीतलं, हे वाक्य मी लाल पेनाने खोडते. आधार दिला म्हणजे नक्की काय केलं? काळजीची थिअरी मांडणाऱ्या जीन वॉट्सनचे दहा घटक धडाधड म्हणणारी मुलगीसुद्धा इथे अडते. म्हणून गोव्यातल्या वॉर्डात शिकवताना मी वॉट्सन मागे ठेवते आणि क्रिस्टन स्वान्सन या दुसऱ्या नर्सिंग अभ्यासकापासून सुरुवात करते.

स्वान्सनने १९९१ साली मांडलेल्या थिअरीत पाच गोष्टी आहेत: पेशंटला जाणून घेणं, सोबत असणं, त्याच्यासाठी करणं, त्याला स्वतः करता येईल असं करणं आणि त्याच्यावरचा विश्वास टिकवणं. गर्भपात झालेल्या बायका, नवजात अतिदक्षता विभागातली बाळं सांभाळणारी माणसं यांच्याशी बोलून तिने ही मांडणी केली. त्यामुळे ती खाटेपाशी लगेच वापरता येते.

समजा, सत्तरीतली एक आजी आहे. मधुमेह, काजूच्या बागायतीत अनवाणी फिरून पायाला जखम. ड्रेसिंग करायचंय. पडदा ओढा. जुनं गॉज चिकटलं असेल तर ओढू नका, नॉर्मल सलाईनने भिजवा आणि थांबा. गॉज सुटेपर्यंत स्टुलावर बसून विचारा, “आजी, जखम कशी जाली? घरा कोण आसा?” कोकणी मोडकीतोडकी असली तरी चालेल, आजी हसेल आणि बोलेल. मोबाईल मात्र खिशात. अशा वेळी पहिल्या तिन्ही गोष्टी एकत्रच होतात. आणि हात नीट धुतले नसतील तर गोड बोलण्याला काडीची किंमत नाही.

चौथीसाठी सुनेला बोलवा. रोज तळपाय कसा बघायचा, आरसा खाली कसा धरायचा, हे तिच्याकडून करून घ्या. नुसतं सांगून मोकळ्या होऊ नका.

पाचवी सगळ्यात अवघड. आजी विचारते, “चवथीक घरा वचपाक मेळटलें मगो?” म्हणजे गणेश चतुर्थीला घरी जायला मिळेल ना? “हो हो, नक्की” म्हणू नका. जखम आणि साखर बघून डॉक्टर ठरवतील हे खरं सांगा, आणि मग विचारा: माटोळी (गणपतीच्या वर फळंपानं बांधायची चौकट) बांधताना तुम्ही खुर्चीत बसून कोणाकोणाला कामाला लावणार? पायावर भार न देताही घरातली त्यांची जागा त्यांचीच राहते, एवढं त्यांना कळलं पाहिजे.

आता मॅडेलिन लेनिंगर. नर्स आणि मानववंशशास्त्रज्ञ. संस्कृती बघून काळजी घेण्याचे तिने तीन मार्ग सांगितले: आहे ते राहू देणं, तडजोड करणं आणि बदलणं, आणि आपल्या वॉर्डात तिन्ही रोज लागतात. गळ्यातला देवाचा धागा किंवा ख्रिस्ती पेशंटची रोजार (जपमाळ) उपचाराच्या आड येत नसेल तर राहू द्या. उकड्या तांदळाची पेज बंद करायला गेलात तर आजी जेवणच सोडेल, म्हणून आहारतज्ज्ञांना विचारून वाटीचं माप ठरवा आणि खारातला आंबा कमी करायला आजीला राजी करा. जखमेवर पाल्याचा लेप आणि अनवाणी फिरणं मात्र बदलायलाच हवं. तेही सुनेसमोर आजीला ओरडून नव्हे. बागायतीत जाताना कुठली चप्पल चालेल, हे तिलाच विचारून ठरवा.

वॉट्सन यानंतर वाचा. १९७९च्या तिच्या पहिल्या पुस्तकातली भाषा मला जरा हवेतली वाटते, पण काळजीच्या क्षणी नर्स आणि पेशंट दोघंही आपापलं आयुष्य घेऊन समोरासमोर येतात, हा मुद्दा पक्का आहे. ड्रेसिंग केलेल्या मुलीला तो दोनदा समजवावा लागत नाही.

मग केअर प्लॅन भरा: “गॉज भिजवून काढलं, वेदना विचारली, सुनेने तळपाय तपासून दाखवला, पेजेचं माप ठरलं.” ड्युटी बदलताना हे तोंडीही सांगा, विशेषतः पेजेचं. नाहीतर दुपारची सिस्टर सगळी पेजच बंद करून टाकेल.