बिअर मध्येच आंबायची थांबली तर

एअरलॉकमधले (भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले म्हणून लगेच घाबरू नका. झाकण जरा सैल असलं की वायू तिथूनच निसटतो. मी विश्वास ठेवते तो हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीवर. साखर आंबत गेली की तिचा आकडा उतरतो. 1.050 वरून निघालेली बिअर 1.020 ला आली आणि तीन दिवस तिथेच राहिली, तर ती अडली असं समजा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणारं यंत्र) इथे वापरू नका. अल्कोहोल असलं की तो आकडा चढा दाखवतो.

बहुतेकदा कारण थंडी असतं. एल यीस्ट (एल प्रकारची बिअर आंबवणारं) गारठलं की तळाशी बसतं. फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) 20-21 अंशांवर आणा आणि झाकण न उघडता हलकेच गोल फिरवा, तळाचा पिवळसर साका वर उठेपर्यंत. खळखळवू मात्र नका. हवा मिसळली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि ती जात नाही.

तरीही आकडा हलला नाही, तर नवं यीस्ट. कोरडं यीस्ट थेट टाकणं मला पटत नाही. आतल्या अल्कोहोलमध्ये ते दमतं. उकळून गार केलेल्या थोड्या वर्टमध्ये (माल्टच्या न आंबलेल्या गोड रसात) ते आधी छान फेसाळू द्या, मग ओता.

मॅशच (माल्ट गरम पाण्यात मुरवणं) 70 अंशांच्या आसपास झाला असेल, तर उरलेली साखर यीस्टला पचणारी नसते. तिथे 1.020 हाच शेवट.

अडलेली बिअर बाटलीत भरू नका. आंबणं पुन्हा सुरू झालं तर काच फुटते.