रोजची तिलावत (कुरआन वाचणं) टिकवायची असेल तर आधी अऊज़ु-बिस्मिल्ला नीट म्हणायला लागा

रमजान संपला की बहुतेक घरांत तेच होतं, महिनाभर रोज एक सिपारा (पारा, कुरआनचा तिसावा भाग) वाचणारे आपण शव्वाल (रमजाननंतरचा महिना) अर्धा होईपर्यंत कुरआन जुजदानात (कापडी पिशवीत) बांधून कपाटावर ठेवून देतो आणि मग तो पुढच्या शाबानलाच (रमजानआधीच्या महिन्यातच) खाली येतो. माझंही कितीतरी वर्षं असंच चाललं होतं, वाचायची इच्छा असायची पण मन लागत नव्हतं. मग एका आपांनी सांगितलं की तू पानं मोजू नकोस, बसल्यावर पहिली दोन वाक्यं कशी म्हणतेस तेवढं बघ. ते मला फार उपयोगी पडलं म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिलं वाक्य तऊज, म्हणजे अऊज़ु बिल्लाहि मिनश्शैतानिर्रजीम. हे आपल्या मनाने लावलेलं नाहीये, सूरह (अध्याय) नहलच्या ९८ व्या आयतीत (वाक्यात) थेट हुकूम आहे की कुरआन वाचायला लागाल तेव्हा हाकलून दिलेल्या शैतानापासून अल्लाहचा आसरा मागा. विचार करा, नमाज नाही, रोजा नाही, नुसतं वाचायला बसताना आसरा मागायला सांगितलाय, कारण मन भरकटतं ते नेमकं इथेच. रेहलवर (कुरआन ठेवायच्या घडीच्या स्टँडवर) कुरआन उघडला रे उघडला की गॅसवरचं दूध आठवतं, कोणाला फोन करायचा राहिला ते आठवतं, आणि डोळे ओळीवरून जातात पण आत काही पोचत नाही. म्हणून तऊज घाईने उरकू नका. एक श्वास घ्या, म्हणा, थांबा, आणि मग बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

आता उच्चाराचं, कारण आपण मराठी बोलणारे इथे हमखास चुकतो आणि आपल्याला कळतही नाही. 'अऊज़ु'मधला ज़ हा 'जुना'तला ज नाही, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला हलकं टेकवून काढायचा असतो, सुरुवातीला विचित्र वाटतं, आरशासमोर करून बघा. 'रहमान' आणि 'रहीम'मधला ह घशाच्या मधून येतो, 'हात'मधल्या ह सारखा नाही. आणि बिस्मिल्लाह म्हणून थांबून मग 'हिर्रहमान' असं तोडून म्हणू नका, 'ल्लाहि' पूर्ण करून तसंच 'र्रहमानि'त जायचं. देवनागरीत छापलेल्या कुरआनवरून पाठ करणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगेन की त्यावर अर्थ वाचा, अरबी मात्र कायदा (अक्षरओळखीचं पुस्तक) घेऊन अलिफ-बे पासून शिका. एकच उदाहरण देते, चार क़ुल, म्हणजे 'क़ुल'ने सुरू होणाऱ्या शेवटाकडच्या चार छोट्या सूरह, त्यातला 'क़ुल' म्हणजे 'सांग', तोच साध्या क ने 'कुल' म्हटला तर अरबीत अर्थ होतो 'खा'. नुक्ता (अक्षराखालचं टिंब) छपाईत राहून गेला की वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पण म्हणून घाबरून बसू नका. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस (नबींचं वचन) आहे की जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट अज्र (बक्षीस) आहे. आणि तिर्मिजी या संग्रहात आहे की एका हर्फाला (अक्षराला) दहा नेक्या (पुण्यं), अलिफ-लाम-मीम हा एक हर्फ नाही, अलिफ एक, लाम एक, मीम एक. या हिशोबाने नुसत्या बिस्मिल्लाचे १९ हर्फ म्हणजे १९० झाल्या, अजून पहिली ओळही सुरू व्हायची आहे!

बिस्मिल्ला कुठे म्हणायची, कुठे नाही, यात पुष्कळ जण गोंधळतात. सूरह पहिल्यापासून सुरू करत असाल तर तऊज आणि बिस्मिल्ला दोन्ही. मधूनच सुरू करत असाल तर तऊज हवाच, बिस्मिल्ला म्हटली तर चांगलंच. सूरह तौबाच्या सुरुवातीला बिस्मिल्ला नाही, तिथून वाचायला बसलात तर फक्त तऊज, आणि अनफाल संपवून तसेच पुढे तौबात जात असाल तर न थांबता तसंच पुढे वाचत जायचं. ११४ सूरह, त्यातल्या एकीवर बिस्मिल्ला नाही, पण सूरह नमलच्या आत सुलेमान अलैहिस्सलाम यांनी सबाच्या राणीला लिहिलेल्या पत्रात ती आली आहे, म्हणजे एकूण परत ११४ च. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी तेच पान उघडून बसले होते. वाचताना मध्ये खोकला आला तर काही नाही, तसंच पुढे जायचं, पण दारावर कोणी आलं, दुसऱ्या गप्पा झाल्या, तर परत बसल्यावर तऊज पुन्हा म्हणा.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, म्हणजे शाफई, आणि सासर सोलापूरचं, हनफी (हे दोन्ही सुन्नींचेच मजहब, म्हणजे आचारपद्धती). लहानपणापासून फजरला (पहाटेच्या नमाजला) मशिदीतून इमामसाहेबांची बिस्मिल्ला मोठ्या आवाजात ऐकलेली, कारण शाफईंकडे ती फातिहाची (कुरआनच्या पहिल्या सूरहची) पहिली आयत धरतात, आणि इकडे आल्यावर एकदम अल्हम्दुलिल्लाह ऐकू आलं तर मला वाटलं विसरले की काय. विसरत नाहीत, हनफी मनात म्हणतात. नमाजच्या सुरुवातीची दुआही तशीच, आम्ही 'वज्जहतु वज्हिय' शिकलो, इथे मुलं 'सुब्हानकल्लाहुम्म' म्हणतात. दोन्ही नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्यापासूनच आलेल्या आहेत, तेव्हा लग्न होऊन दुसऱ्या घरात गेलेल्या मुलीला कोणी टोकू नका आणि मुलींनो तुम्हीही बावरू नका. माझ्या सासूबाईंनी मला कधी बदलायला लावलं नाही, याचं मला आजही फार वाटतं.

आता रोज किती वाचायचं. १५ ओळींच्या मदीना छापाचा कुरआन ६०४ पानांचा असतो, एक पारा साधारण २० पानांचा, म्हणून प्रत्येक नमाजनंतर चार पानं वाचली की दिवसाला एक पारा होतो. हा हिशोब रमजानला उत्तम आहे पण नोकरी, डबे, मुलांची शाळा सांभाळून बाराही महिने हाच धरला तर आठवड्यात सुटतो, आणि सुटला की मन खट्टू होतं. दोन पानं धरा, दहा महिन्यांत खतम होतो. एक पान धरा, वीस महिने लागतील, लागू देत. तेही नसेल जमत तर एक रुकू (सूरहचा छोटा भाग), आपल्याकडच्या छापात कडेला ऐन (ع) अक्षराची खूण असते तिथपर्यंत. सूरह मुज्जम्मिलमध्ये ठहरून ठहरून वाचायलाही सांगितलंय आणि जेवढं सोपं जाईल तेवढं वाचा असंही सांगितलंय, आणि हजरत आयशा रजि. यांच्याकडून आलेली हदीस तर सगळ्यांना पाठच असते की अल्लाहला सगळ्यात आवडतं ते काम जे थोडं असलं तरी कायम केलं जातं.

वेळ ठरवताना घड्याळाला बांधू नका, नमाजला बांधा. 'सकाळी साडेसहाला' असं ठरवलं की हिवाळ्यात फजर सरकते आणि सगळं बिघडतं. फजरचा सलाम फेरला (नमाज संपली) की उठायचंच नाही, हात लांब केला की कुरआन मिळेल असा ठेवायचा. मी जुजदान रात्रीच सोडून ठेवते, आत नानीने दिलेलं मोरपीस आहे, त्या मोरपिसाच्या पानावरून सुरू. मुसहफला (कुरआनच्या प्रतीला) हात लावायला वुजू (नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं) हवा, नमाजनंतर तो असतोच, हा आणखी एक फायदा. लोकलमध्ये किंवा एसटीत असाल तर पाठ असलेलं वाचा, त्याला वुजू असायलाच हवा असं नाही, आयतुल कुर्सी, चार क़ुल, आणि पाठ असेल तर रात्री झोपण्याआधी सूरह मुल्क, तीसच आयती आहेत. जुम्म्याला (शुक्रवारी) सूरह कहफ, ती ११० आयतींची आहे, एका बैठकीत नाही झाली तर दिवसभरात तुकड्यांनी करा.

बायकांची सवय बहुतेक वेळा पाळीच्या दिवसांत तुटते. हनफी आणि शाफई दोन्हीकडे त्या दिवसांत तिलावत करत नाहीत, पण बिस्मिल्ला, दुआ, जिक्र (अल्लाहचं स्मरण), दुरूद (नबींसाठीची दुआ) सगळं चालू राहतं. मी त्या दिवसांत त्याच वेळी त्याच जागी बसून तिलावत ऐकते आणि आदल्या आठवड्यात वाचलेल्या पानांचा मराठी अर्थ बघते, त्यामुळे जागा सुटत नाही आणि आठव्या दिवशी परत सुरू करायला जड जात नाही.

एखाद-दोन दिवस राहिले तर मागचं भरून काढायला एकदम दहा पानं घेऊ नका, जिथे मोरपीस आहे तिथूनच एक पान. आणि खतम होईल त्या दिवशी सूरह नासवर थांबायचं नाही. दुआ करा, मग त्याच बैठकीत पुन्हा तऊज, बिस्मिल्ला, फातिहा, आणि बक़राच्या पहिल्या पाच आयती 'मुफलिहून'पर्यंत वाचा, मोरपीस तिथे ठेवा आणि मगच जुजदान बांधा.